विहिरीचं पाणी गोड, पण रिपोर्ट म्हणतो 'पिण्यास अयोग्य'. कुणाचं ऐकू?

मळ्यातली_लेक | १४ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाळंतपणाला माहेरी आलेय. गाव जामनेर तालुक्यातलं, पण घर गावात नाही, मळ्यात. बाळ सव्वादोन महिन्यांचं झालं. मळ्यातली विहीर ५५ फूट खोल. वरचे पंधराएक फूट दगडी बांधकाम, मग मुरूम, खाली काळा पाषाण. आजोबांनी खोदलेली. पाणी इतकं गोड की गावात लग्न असलं की लोक आमच्याकडून ड्रम भरून नेतात. आबांना त्याचा भारी अभिमान.

आमच्या ह्यांनी पुण्याहून हट्ट धरला म्हणून जळगावला पाणी तपासायला दिलं. रिपोर्ट आज आला. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ६४०, कडकपणा ३८०, फ्लोराइड ०.४, क्लोराइड ठीक. नायट्रेट मात्र ८२. आणि दुसऱ्या कागदावर 'ई. कोलाय आढळले', म्हणजे मैल्यातले जंतू. खाली शिक्का: पिण्यास अयोग्य.

आबांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "५० वर्षं हेच पाणी प्यालो. तू बी याच्यावरच वाढली. मेलं का कोणी?" आई गप्प. मीही गप्प. पण रात्री बाळाला पावडरचं दूध द्यावं लागतं, ते याच पाण्यात कालवते (उकळून घेते). आता हात थरथरतोय.

उकळलेलं चालतं ना? आणि एवढं नायट्रेट आलं कुठून?

---

पांझराकाठ | १४ जून, रात्री १०.०५

ताई, टीडीएस ६४० म्हणजे अमृत आहे अमृत! धुळ्याजवळ आमच्या बोअरचा १४०० आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल दर वर्षी बदलतो. तुम्ही काळजी नका करू, ५०० ते २००० चालतं असं नियमातच आहे.

---

बाळांचा_डॉक्टर | १४ जून, रात्री १०.२०

पांझराकाठ, थांबा. टीडीएसची गोष्टच नाहीये ही.

ताई, आज रात्रीपासून त्या पाण्यात पावडर कालवणं बंद करा. उकळूनही नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जिथल्या तिथे राहतं. उलट वाफ होऊन पाणी कमी होतं आणि उरलेल्यात नायट्रेटचं प्रमाण वाढतं. तुम्ही जितकं जास्त उकळाल तितकं वाईट.

आपल्या मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. टीडीएसला 'दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत' अशी सवलत आहे, नायट्रेटला तशी सवलतच ठेवलेली नाही. कारण लहान बाळं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं, ते रक्तात जाऊन हिमोग्लोबिनला निकामी करतं. ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. ओठ, नखं निळसर पडतात. ताप नाही, खोकला नाही, म्हणून घरच्यांना कळत नाही. तसं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट दवाखाना.

तुम्ही स्वतः ते पाणी प्यालात म्हणून अंगावरच्या दुधातून बाळाला फारसं नायट्रेट जात नाही, त्याची धास्ती नको. पाजत राहा. दूध खरंच कमी पडतंय का हेही एकदा बघून घ्या: दिवसातून सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय, वजन वाढतंय, तर बहुतेक पुरतंय. पावडर द्यायचीच असेल तर आयएसआय शिक्क्याची सीलबंद बाटली आणा, ते पाणी उकळून थोडं गार करून वापरा.

आणि एक विचारतो, रागावू नका. गुटी देता का? कशात उगाळता?

---

मळ्यातली_लेक | १४ जून, रात्री १०.४८

देतो. सहाणेवर. विहिरीच्याच पाण्यात 🙁

ओठ-नखं गुलाबी आहेत, आत्ता टॉर्च लावून पाहिली. भाऊ गाडी काढून बाटल्या आणायला गेलाय.

---

बाळांचा_डॉक्टर | १४ जून, रात्री १०.५५

गुटी बंद. सहा महिने वरचं पाणीसुद्धा नको, थेंबभरही नाही. आजीला माझं नाव सांगा, शिव्या मला बसू द्या.

---

वाघूरकाठचा_शेतकरी | १५ जून, सकाळी ६.३०

'आलं कुठून' याचं उत्तर देतो. ताई, तुमच्याकडे केळी आहे ना? मग हिशेब मांडू.

केळीला शिफारस खोडामागे २०० ग्रॅम नत्र, ४० ग्रॅम स्फुरद, २०० ग्रॅम पालाश. युरियात नत्र ४६ टक्के. म्हणजे एका खोडाला साधारण ४३५ ग्रॅम युरिया. पाच बाय पाच फुटांवर लागवड धरली तर एकरी १७४२ खोडं. झाला साडेसातशे किलोच्या वर युरिया. ४५ किलोच्या जवळपास १७ गोण्या, एका एकरात, एका हंगामात. हे शिफारशीवर थांबलं तर. आणि थांबतो कोण? शेजाऱ्याने दोन टाकल्या की आपण तीन टाकतो, घड मोठा दिसला पाहिजे.

झाड सगळं उचलत नाही. उरलेल्या युरियाचं जमिनीत नायट्रेट होतं, आणि नायट्रेटला माती धरून ठेवत नाही. पाण्याबरोबर ते खाली सटकतं. ठिबक लावलं तरी आपण मनाच्या समाधानासाठी दोन तास जास्त चालवतोच. ते जास्तीचं पाणी मुरमातून सरळ तुमच्या विहिरीत.

आता खरा प्रश्न. खताची टाकी कुठे ठेवलीय? ९० टक्के मळ्यांत ती विहिरीच्या काठावर असते, कारण मोटर तिथे, हौद तिथे. खत सोडताना लाईट गेली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीत पडतं, आणि जाताना टाकीतलं खताचं पाणी ओढून नेतं. नॉन रिटर्न व्हॉल्व्ह नसेल तर दर लोडशेडिंगला विहिरीला एक डोस. माझ्याकडे हे व्हायचं. मला कळलं कसं? विहिरीत शेवाळ असं माजलं की फूटव्हॉल्व्ह दिसेना. मी तेव्हा म्हणायचो, 'पाणी जिवंत आहे'. जिवंत कसलं, खत खाऊन माजलं होतं.

---

रसायन_गुरुजी | १५ जून, सकाळी ८.१५

ताई, रिपोर्ट नीट बघा. ८२ 'नायट्रेट' म्हणून लिहिलंय की 'नायट्रेट नायट्रोजन' म्हणून? काही प्रयोगशाळा दुसऱ्या पद्धतीने लिहितात, तिथे मर्यादा ४५ नसून १० च्या आसपास येते. एकच पाणी, दोन आकडे. यात भलेभले फसतात.

---

मळ्यातली_लेक | १५ जून, सकाळी ९.०२

नायट्रेट म्हणूनच आहे, कंसात ४५ लिहिलंय.

खताची टाकी काठावरच आहे. बरोबर ओळखलंत. आणि सालदाराच्या घराचा संडासाचा शोषखड्डा मी आत्ता पावलं मोजून आले, विहिरीपासून २२ पावलं. गोठा आणि उकिरडा त्याच्याही अलीकडे. लहानपणापासून बघतेय, कधी मनात आलं नाही.

---

पांझराकाठ | १५ जून, सकाळी ९.३०

रात्री घाईत बोललो, माफ करा. पण मला एक सांगा, गेल्या महिन्यात घरी एक माणूस आरओ विकायला आला. दोन ग्लास घेतले. एकात आमच्या बोअरचं पाणी, एकात त्याच्या मशिनचं. दोन सळ्यांचं यंत्र बुडवलं, बटण दाबलं. आमचं पाणी दोन मिनिटांत गंजल्यासारखं तपकिरी, वर फेस. त्याचं तसंच नितळ. बायको किंचाळलीच. १८ हजार मोजले. ते काय होतं मग?

---

रसायन_गुरुजी | १५ जून, सकाळी १०.१०

😄 ते सळीचं लोखंड होतं. तुमच्या पाण्यात क्षार आहेत म्हणून वीज वाहते, लोखंडाची सळी विरघळते आणि गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळपास नाहीत, वीज वाहत नाही, सळी तशीच. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकून परत बटण दाबायला सांगायचं होतं. मी दहावीच्या पोरांना हाच प्रयोग दाखवतो, फक्त १८ हजार घेत नाही.

टीडीएस मीटरचंही तेच. ते पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून क्षारांचा अंदाज देतं. जंतू त्याला दिसत नाहीत. नायट्रेट किती, फ्लोराइड किती, हे वेगळं सांगता येत नाही. आपल्याकडे मात्र सगळा वाद चवीचा: गोड पाणी, खारं पाणी, जड पाणी. खारं पाणी बिचारं प्रामाणिक असतं, जिभेला लागलीच सांगतं. मुक्ताईनगरहून पुढे पूर्णेच्या खोऱ्यात, बुलढाणा-अकोल्याच्या खारपाणपट्ट्यात जा, तिथे कोणी विहिरीचं पाणी फसून पीत नाही. नायट्रेट २० असो की ८२, जिभेला फरक कळत नाही. ई. कोलायला तर चवच नाही.

तुमच्या बोअरपुरतं: कडकपणाने गिझर मरतो, माणूस नाही. मुतखड्याला लोक जड पाण्याला दोष देतात, पण मे महिन्यात ४५ अंशांत दिवसभर वावरात राहून तांब्याभर पाणी प्यायचं, त्याचं काय? आरओ मात्र नायट्रेट बऱ्यापैकी काढतो, म्हणून ताईंना कामाचा आहे. नुसता यूव्ही, कँडल फिल्टर, तुरटी, माठ, यांपैकी एकानेही नायट्रेट जात नाही.

---

खरं_बोलणारा | १५ जून, दुपारी १.००

सगळा आरओ कंपन्यांचा आणि लॅबवाल्यांचा धंदा आहे. आमच्या पणज्याने नदीचं पाणी पिऊन ९० वर्षं काढली. आता एवढ्याशा आकड्याला घाबरून जारचं पाणी प्या.

---

निवृत्त_नाना | १५ जून, दुपारी ३.२५

खरं बोलणारे भाऊ, माझं वय ७६. तुमच्या पणजोबांच्या वेळचं मला थोडं आठवतं.

आमच्या गावात पायऱ्यांची विहीर होती. बाया घागर घेऊन पाण्यात उतरायच्या. दर उन्हाळ्यात घराआड एक माणूस नारूने पडलेला. पायावर फोड यायचा, तो फुटला की पांढरा दोऱ्यासारखा किडा बाहेर. काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनाभर खाटेवर. माझ्या काकाला एकाच वेळी तीन निघाले होते, ऐन पेरणीत. नारूवाला त्याच पाण्यात पाय घालायचा, आणि त्याच पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो दुसऱ्याच्या पोटात जायचा. पाणी गोडच होतं हो. पायऱ्या बंद करून, कठडे बांधून, कपड्याने गाळून तो रोग गेला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. आज माझ्या नातवाला नारू म्हणजे काय ते सांगावं लागतं.

लेकी, तुझ्या आबांना विचार, त्यांनी नारू पाहिला असेल. '५० वर्षं प्यालो' हे त्यांचं खोटं नाही. पण ५० वर्षांपूर्वी मळ्यात १७ गोण्या युरियाही नव्हता आणि विहिरीपाशी संडासही नव्हता. विहीर तीच आहे, पाणी ते नाही.

---

बोरीकाठचा_जलसुरक्षक | १५ जून, रात्री ८.४५

मी अमळनेरकडच्या एका ग्रामपंचायतीत जलसुरक्षक. गावाच्या टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकणं, ओटी टेस्ट घेणं (पाण्यात क्लोरीन उरलाय का ते बघायचं), नमुने पाठवणं ही माझी कामं. लोक मला 'पावडरवाला' म्हणतात, पाण्याला वास आला की शिव्याही मलाच.

पहिली गोष्ट. लाल-पिवळं-हिरवं कार्ड, नमुने, हे सगळं सार्वजनिक स्रोतांचं. मळ्यातली खाजगी विहीर कोणाच्या यादीत नसते, तुम्हीच बघायची. पण प्रत्येक गावात पाच बायांना पाणी तपासणीच्या किटचं प्रशिक्षण दिलंय, आशाताईंना विचारा. त्या किटात नायट्रेटची चाचणी असते. रंग जुळवून बघायचा, अंदाज येतो.

जंतूंसाठी विहीर शुद्ध करायची रीत लिहितो, कारण पहिल्या पावसानंतर हेच आठ-पंधरा दिवस वाईट. विहिरीचा व्यास मीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले पाण्याची खोली, गुणिले ७८५. आले लिटर. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर, तर ३७,६८० लिटर. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल, म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास. हे ३३ टक्के क्लोरीनच्या ताज्या पावडरला. उघडं पडलेलं पोतं असेल तर ती नुसती चुन्याची भुकटी, कितीही टाका. आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवायची, दहा मिनिटं निवू द्यायची, वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत सोडून वर-खाली हलवायची. खालचा चुना विहिरीत टाकायचा नाही. संध्याकाळी करा, सकाळपर्यंत पाणी उपसू नका. मग ओटीचे थेंब टाकून बघा, पिवळा रंग आला पाहिजे.

पण ताई, टीसीएलने नायट्रेट तसूभर कमी होत नाही. आणि शोषखड्डा २२ पावलांवर राहिला तर दर पंधरा दिवसांनी हेच करत बसाल. निदान ५० फूट अंतर पाहिजे, तेही विहिरीच्या उताराकडे. तुमच्याकडे पाषाणात भेगा असतात, तिथे ५० फूटही मला कमी वाटतात.

---

सातपुडा_पायथा | १५ जून, रात्री ९.३०

आम्ही यावलवाले. आमच्या विहिरी कधीच्या आटल्या, आता ट्यूबवेल, आमची ४२० फूट. पाणी गोड आणि रिपोर्टही साफ. ताई, विहीर सोडा, बोअर मारा.

---

निवृत्त_नाना | १५ जून, रात्री ९.५०

यावलचा न्याय जामनेरला लावू नका हो. तुमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला बझाडा, दगडगोटे आणि वाळूचा थर, खाली तापीचा गाळ शेकडो फूट. पाणी हळूहळू गाळत खाली जातं. (आणि तेही उपसून उपसून रावेर-यावल अतिशोषितांच्या यादीत गेलेच ना?) जामनेरला बेसॉल्ट, म्हणजे काळा पाषाण. पाणी मुरमात आणि भेगांत, गाळायला मध्ये काहीच नाही. तिथे बोअरवाला मुरूम संपेपर्यंत केसिंग (बोअरच्या तोंडचा पाइप) उतरवतो, भोवतीची फट तशीच सोडतो, आणि वरचं खताचं पाणी त्या फटीतून आरामात खाली. बोअर मारायचाच तर केसिंग पक्क्या पाषाणात रुतवून भोवती सिमेंट भरून घ्या. उभं राहून करून घ्या, नाहीतर होत नाही.

अजून एक. शिरपूर पॅटर्नची (नाले खोल-रुंद करून पाणी जिरवायचं) बातमी वाचून आमच्या भागात काही जण नाल्याचं पाणी थेट विहिरीत सोडायला लागलेत, पुनर्भरण म्हणून. पुनर्भरण चांगलंच, पण आधी गोटे, खडी, वाळूच्या खड्ड्यातून गाळून. आणि ज्या विहिरीचं पितो तिच्यात तर कधीच नाही.

---

वाघूरकाठचा_शेतकरी | १६ जून, सकाळी ६.१०

नाना 👌

ताई, नमुना परत द्याल तेव्हा: कोल्ड्रिंकची बाटली नको. रासायनिकसाठी स्वच्छ कॅन, त्याच पाण्याने तीनदा विसळून. जंतूंसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली, ती विसळायची नाही, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवायची. आमच्या एकाने डिझेलच्या कॅनमध्ये नेलं होतं, रिपोर्टवाल्याने हात जोडले.

---

मळ्यातली_लेक | ९ जुलै, दुपारी ४.१५

उशिरा लिहितेय, बाळाने वेळच दिला नाही. बाळ छान आहे. पावडर सुटली, वजन वाढतंय.

काय काय झालं ते सांगते. भावाने खताची टाकी विहिरीपासून उचलून बांधापलीकडे नेली, व्हॉल्व्ह बसवला. उकिरडा हलवला. शोषखड्ड्याचं काम पावसामुळे अडलंय, दिवाळीनंतर सालदाराचा संडास नव्या जागी बांधायचं ठरलंय. टीसीएल दोनदा टाकलं. पहिल्यांदा मी मापात चूक केली (हिशेबापेक्षा बरंच जास्त पडलं), दोन दिवस पाण्याला पोहण्याच्या तलावासारखा वास, आईने वरण ओतून दिलं.

दुसरा रिपोर्ट परवा आला. ई. कोलाय नाही. नायट्रेट ७९. एवढं करून तीनच कमी! मी हिरमुसले, पण गुरुजींना निरोप पाठवून विचारलं तर म्हणाले की जमिनीत मुरलेलं एका महिन्यात जात नाही, एक-दोन पावसाळे जातील, आणि युरिया कमी केला तरच. सध्या स्वयंपाकाला आणि प्यायला छोटा आरओ, त्याचं वाया जाणारं पाणी अंगणातल्या लिंबाला.

आबा आरओचं पाणी पीत नाहीत. 'पाण्याला पाण्याची चव नाही' म्हणतात. डॉक्टर म्हणाले, मोठ्या माणसाला तेवढा धोका नाही, राहू द्या. युरियाच्या हिशेबावर मात्र त्यांनी काही उत्तर दिलं नाही, पण वहीत १७ गोण्यांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली मी पाहिली.

आज सकाळी भाऊ जळगावला निघाला, तर आबा पाठीमागून एक कॅन घेऊन आले. तोंड प्लास्टिकने घट्ट बांधलेलं. तीनदा विसळलाय म्हणाले. मी विचारलं, आपलं तर परवाच तपासलं ना? तर म्हणे, "आपलं नाही, शेजारच्या अण्णाच्या विहिरीचं आहे. त्याच्या सुनेला आठवा लागलाय. त्याला सांगू नको मी आणलं म्हणून."